इटलीतला पहिला दिवस: ठाण्याच्या दारापासून रोममधल्या झोपेपर्यंत

पहिल्या दिवसाचं कुठलंही तिकीट काढू नका. कोलोसियमचं नको, व्हॅटिकनचं नको, फ्लोरेन्सच्या रेल्वेचंही नको. लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन, टूर कंपनीशिवाय, पहिल्यांदाच इटलीला निघालेल्या कुटुंबाला माझा पहिला सल्ला हाच असतो. त्यावर लगेच प्रश्न येतो, "मग तो अख्खा दिवस फुकट घालवायचा का?" नाही. त्या दिवसाची आखणी वेगळी करायची, एवढंच. हा लेख रोमला उतरणाऱ्यांसाठी आहे. मिलान आणि व्हेनिसबद्दल शेवटी थोडं सांगितलं आहे.

१. आधी कागदावर घड्याळ मांडा

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, एरवी साडेचार तास. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी साडेतीन धरावेत. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र तारीख बघावी. तो रविवार मुक्कामातच आला तर पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. मोबाइल आपला आपण बदलतो, बाबांच्या मनगटावरचं घड्याळ बदलत नाही.

मुंबईहून रोमला जाताना बहुतेकांना दुबई, दोहा, अबूधाबी किंवा इस्तंबूलला विमान बदलावं लागतं आणि पहिलं विमान बरेचदा मध्यरात्रीनंतरचं असतं. पहाटे चारचं विमान आहे असं समजू. तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे नौपाड्यातून बाराच्या सुमारास निघायला हवं. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी आणखी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा, कारण रात्री त्या रस्त्यावर अवजड गाड्यांची रांग असते. मुलुंड नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, तेवढीच सोय. नवी मुंबईकरांनी वाशी की ऐरोली पूल हा वाद गाडीत बसण्याआधी मिटवून घ्यावा.

आता बेरीज करा. रात्री बाराला दाराला कुलूप लावलं आणि रोमच्या हॉटेलात दुपारी चारला पोहोचलात, तर तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. दारापासून दारापर्यंत साडेएकोणीस तास. त्यातही आदल्या दिवशी सकाळी सातला उठलेल्या माणसाने तोवर छत्तीस तासांत विमानातल्या डुलक्यांपलीकडे झोप घेतलेली नसते. हा आकडा घरातल्या उत्साही मंडळींना दाखवा. "उतरलो की लगेच कोलोसियम" म्हणणारे पटकन शांत होतात.

निघायच्या दिवशी दुपारी घरातल्या सगळ्यांनी दोन तास झोपायचं, हे मात्र सक्तीचं करा. बॅगा आदल्या रात्रीच भरून झाल्या असतील तरच ते जमतं.

२. बॅगेत काय नको, हातात काय हवं

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे पेढे, बर्फी, तुपाची बरणी, पनीर आणि सुका जवळा घरीच ठेवा. मासळीचे नियम वेगळे आहेत, पण पहिल्याच दिवशी कस्टमच्या टेबलावर जवळ्याचं पुडकं उघडून त्यावर चर्चा करण्यात मजा नाही. बाळासाठी पॅकबंद दूध पावडर चालते. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता वगैरेंना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढी पाच फळं वगळलेली आहेत. चिवडा, भाजके शेंगदाणे, मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या हा खाऊ पहिल्या रात्री सोन्याच्या भावाचा ठरतो.

हातातल्या बॅगेत दोन दिवसांची औषधं आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड असू द्या. इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वेळ कशी सरकवायची ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. औषधांची चिठ्ठीही बरोबर हवी. आजी-आजोबांना चालायचा त्रास असेल तर विमान कंपनीला किमान ४८ तास आधी व्हीलचेअर सांगून ठेवा. अभिमानाने "मी चालेन" म्हणणाऱ्या आजोबांना सांगा की रोमच्या फियुमिचिनो विमानतळावर चालावं फार लागतं.

आपल्या जाड तीन पिनांचा प्लग इटलीतल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मोबाइलच्या चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग बहुतेक ठिकाणी बसतो. वीज २३० व्होल्टचीच असल्यामुळे अडॅप्टर पुरतो.

पैशांचं थोडक्यात. इटलीत दुकानदाराने कार्ड घेणं कायद्याने बंधनकारक आहे, तरी पन्नासेक युरो सुटे जवळ असावेत. कार्डाच्या मशीनने किंवा एटीएमने "रुपयांत की युरोंत" असं विचारलं तर नेहमी युरो निवडा, रुपये निवडले की विनिमयाचा दर अंगावर येतो. रोमिंगचा पॅक किंवा ई-सिम मुंबईच्या विमानतळावर बसल्या बसल्या चालू करून घ्या.

३. फियुमिचिनोला उतरल्यावर

रोमचा मुख्य विमानतळ शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर, फियुमिचिनो इथे आहे. आखातातून किंवा इस्तंबूलहून आलात तर पासपोर्टची तपासणी इथेच होते. फ्रँकफर्ट, झुरिक किंवा पॅरिसला विमान बदललं असेल तर शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, प्रवेशाचा सोपस्कार तिथेच आटोपतो आणि रोमला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. म्हणून अशा मार्गाने जाताना मधल्या विमानतळावर दीड तासाची जोडणी घेऊ नका, निदान तीन तास ठेवा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवेश आणि निर्गमनाची नवी संगणकीय नोंद सुरू केली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. त्यामुळे रांग हळू सरकते, तेव्हा रांगेत शिरण्याआधी मुलांना स्वच्छतागृहात नेऊन आणा. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद छापून एकाच फोल्डरमध्ये ठेवा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा काढलेला असतोच, तोच कागद इथेही विचारू शकतात. फोल्डर घरातल्या एकाच माणसाकडे द्यावा, आणि तो माणूस सगळ्यात शांत डोक्याचा असावा.

४. विमानतळावरून हॉटेल: कोणाबरोबर आहात त्यावर ठरवा

तीन पर्याय आहेत. लेओनार्दो एक्सप्रेस ही रेल्वे मध्ये कुठेही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनी या मुख्य स्थानकात नेते. तिकीट १४ युरो, आणि तिकीट काढलेल्या मोठ्या माणसामागे बारा वर्षांखालचं एक मूल फुकट. एफएल-१ ही लोकल आठ युरोंत त्रास्तेवेरे, ओस्तियेन्से, तिबुर्तिना या स्थानकांना जाते, तेर्मिनीला जात नाही. तिसरी टॅक्सी. पांढऱ्या, दारावर परवाना क्रमांक असलेल्या अधिकृत टॅक्सीचं ऑरेलियन तटबंदीच्या, म्हणजे जुन्या रोमभोवतीच्या प्राचीन भिंतीच्या, आत कुठेही जाण्याचं भाडं ठरलेलं आहे. सध्या ते ५५ युरो आहे आणि सामान त्यातच आलं.

आई, बाबा आणि दोन लहान मुलं असतील तर रेल्वेचे २८ युरो होतात, म्हणून रेल्वे. चार मोठी माणसं असतील तर रेल्वेचे ५६ आणि वर तेर्मिनीहून हॉटेलपर्यंतची पायपीट. तिथे टॅक्सीच घ्यावी, माझ्या मते त्यात विचार करण्यासारखं काही नाही. रोमच्या जुन्या भागातले रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे आहेत. त्यावरून चाकांची बॅग ओढणं म्हणजे पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्लीतून सिलिंडर ढकलणं. सहा जण असाल तर दोन टॅक्सींपेक्षा आधी ठरवलेली मोठी गाडी बरी पडते का ते हॉटेलला ईमेल करून विचारा. व्हॅटिकनजवळचा प्राती भाग तटबंदीच्या बाहेर आहे. तिथे हॉटेल असेल तर बसण्याआधीच भाडं विचारून घ्या.

आगमन कक्षात "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्यांकडे न बघता बाहेरच्या रांगेत जा. तेर्मिनीच्या तिकीट मशीनपाशी मदतीला धावून येणाऱ्यांनाही हसून नाही म्हणा. रेल्वेचं कागदी तिकीट काढलं असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

आणि गाडी भाड्याने घेऊन विमानतळावरून स्वतः चालवत निघण्याचा विचार असेल तर तो पहिल्या दिवशी नकोच. रोमच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचे विभाग आहेत. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. पुढे तोस्कानाच्या (टस्कनीच्या) गावांत गाडी हवीच असेल तर ठाणे आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. आपल्या परवान्याबरोबर तो इटलीत लागतो.

५. खोली, कर, अंघोळ

बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. सकाळी पोहोचणार असाल तर बॅगा ठेवून घेतील का हे आधी विचारा, सहसा ठेवतात. सगळ्यांचे पासपोर्ट मागितले तर घाबरू नका, पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणं हॉटेलवर बंधनकारक आहे. नोंद झाली की परत घ्या.

बुकिंगच्या रकमेवर शहराचा मुक्कामकर वेगळा असतो. रोममध्ये तीन तारांकित हॉटेलला तो माणशी रात्रीचे सहा युरो, चार तारांकितला साडेसात. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. चार मोठी माणसं, चार रात्री, तीन तारे: ९६ युरो. हिशेबात धरला नसेल तर पहिल्याच संध्याकाळी चेहरे उतरतात.

एक आनंदाची गोष्ट. १९७५ च्या सरकारी आदेशापासून इटलीत प्रत्येक घरातल्या किमान एका न्हाणीघरात बिदे, म्हणजे कमोडशेजारचं पाण्याने धुण्याचं बेसिन, असणं सक्तीचं आहे. हॉटेलांतही तो बहुतेक ठिकाणी असतो. युरोपात पाण्याचं कसं होणार या चिंतेत असलेल्या ज्येष्ठांना ही बातमी विमानातच द्या.

खोलीत पोहोचल्यावर अंघोळ करायची आणि कपडे बदलायचे. पलंगावर आडवं व्हायचं नाही. मुलं फारच कुरकुरत असतील तर त्यांना अर्धा तास झोपू द्या, पण गजर लावून. पाचला झोपलेलं मूल रात्री साडेअकराला टक्क जागं होतं, आणि मग घरातलं कोणीच झोपत नाही.

६. संध्याकाळचा एकच फेरा

पहिल्या संध्याकाळचा उद्देश उन्हात आणि मोकळ्या हवेत राहणं एवढाच. मेअखेरीस रोममध्ये साडेआठनंतरही उजेड असतो. शरीराला "अजून दिवस आहे" हे त्यानेच पटतं. डिसेंबरात मात्र पाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा फेरा लवकर काढा.

माझी निवड पियात्सा नाव्होना. वाहनं नाहीत, बाक आहेत, मुलांना धावायला जागा आहे आणि तिकीट नाही. या चौकाचा आकार लांबुळका का, असं मुलं विचारतील. पहिल्या शतकात सम्राट डोमिशियनने बांधलेल्या क्रीडांगणाच्या जागेवर तो उभा आहे, आणि आजच्या इमारती त्या जुन्या प्रेक्षक-पायऱ्यांच्या ओळीवर आहेत.

मधोमध बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं आहे. ते १६५१ मध्ये पूर्ण झालं. चार खंडांच्या चार नद्या: युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाइल, अमेरिकेची ला प्लाता आणि आशियाची आपली गंगा. आता मुलांना आणि आजीला गंगा शोधायला सांगा. सगळे बाईच्या मूर्तीच्या शोधात फिरतील आणि ती सापडणार नाही. युरोपच्या परंपरेत नदीचा देव पुरुष असतो, त्यामुळे इथली गंगा दाढीवाला बाप्या आहे, हातात लांब वल्हं घेऊन बसलेला. नदीतून नावा चालतात म्हणून वल्हं. नाइलचं डोकं कापडाने झाकलेलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. एवढ्यावर अर्धा तास सहज जातो आणि थकलेल्या कोणालाही पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

तिथून पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर पाच-सात मिनिटांवर. आत जायला २०२३ पासून तिकीट आहे, म्हणून आज बाहेरूनच खांब बघा. जवळपास 'नासोनी' दिसतील, म्हणजे सतत वाहणारे ओतीव लोखंडाचे पिण्याच्या पाण्याचे नळ. पाणी चांगलं असतं, बाटल्या त्यातच भरा. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. हे मुलांना दाखवलंत तर बदली कपडे लागतील.

स्पॅनिश स्टेप्स पहिल्या दिवशी टाळा. त्या पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे, दंड होतो, आणि दमलेल्या माणसाला पायऱ्या दाखवून बसू न देणं हा छळ आहे. बस आणि मेट्रोत पाकीटमार सराईत आहेत, विशेषतः तेर्मिनीभोवती आणि व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये. पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत आणि फोटोची प्रत मोबाइलमध्ये. मनगटात फुकट धागा बांधायला येणाऱ्यापासून हात मागे घ्या.

७. जेवण लवकर, आणि उभ्याने चालेल

खरी अडचण इथे येते. रोममधली रेस्टॉरंटं रात्री साडेसात-आठच्या आधी जेवण देत नाहीत, आणि आठ म्हणजे उन्हाळ्यातही आपले साडेअकरा. मूल ताटात डोकं ठेवून झोपतं. त्यावर उपाय म्हणजे 'पित्सा अल ताल्यो': मोठ्या चौकोनी तव्यातला पित्सा, कात्रीने कापून वजनावर विकतात. दुकानं संध्याकाळीही चालू असतात. हाताने किती हवं ते दाखवायचं, भाव शंभर ग्रॅमचा की किलोचा ते पाटीवर बघायचं.

शाकाहारींसाठी: मार्गेरिता चालेल. 'मरिनारा' या नावात समुद्र असला तरी पित्सावर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असतं, चीजही नाही. उलट रोममध्ये 'नापोली' म्हटलं की बहुधा अँकोव्ही मासे आले. कार्बोनारा आणि आमात्रिचाना या पास्त्यांत डुकराचं मांस असतंच. पोमोदोरो किंवा आराब्याता मागा, दुसरा तिखट असतो आणि आपल्या जिभेला आवडतो. पार्मेझान आणि पेकोरिनो चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध फाडायला वापरलेला, प्राण्याच्या पोटातून काढलेला घटक) असतं, ज्यांना हे चालत नाही त्यांनी "सेंत्सा फोर्माज्जो" म्हणजे चीजशिवाय असं सांगावं. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेश्शे" म्हणजे मांस नको, मासे नको. जैन जेवण पहिल्याच रात्री शोधत फिरू नका, घरचा खाऊ आणि फळं यांवर निभावून न्या.

बसून जेवलात तर बिलात बरेचदा माणशी एक-तीन युरो पावाचे लागतात. त्यावरून वाद घालू नका, ती इथली रीत आहे. भात-डाळीवाचून ज्यांचं अडतं त्यांच्यासाठी तेर्मिनीजवळच्या एस्क्विलिनो भागात दक्षिण आशियाई किराणा दुकानं आहेत. दुकानदार बरेचदा बांगलादेशी असतात आणि हिंदी समजतात.

८. नऊला झोप, चारला जाग

रात्री नऊला सगळे आडवे. मग पहाटे साडेतीन-चारला घरातलं कोणी ना कोणी उठून बसणारच, कारण ठाण्यात तेव्हा सात-साडेसात झालेले असतात. याला वैतागू नका, हाच पश्चिमेकडे जाण्याचा फायदा. चिवडा खा, चहाची पुडी गरम पाण्यात घाला आणि सहाच्या आत बाहेर पडा. दिवसा जिथे उभं राहायला जागा नसते त्या त्रेव्ही कारंज्यापाशी त्या वेळी मोजकी माणसं असतात. साडेसहा-सातला कोपऱ्यावरचे कॉफीबार उघडतात. काउंटरपाशी उभ्याने कॉफी घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलात की भाव वाढतो.

मोठी तिकिटं याच दिवसापासून काढा, आणि सकाळची पहिली वेळ घ्या. कोलोसियम साडेआठला उघडतं. तिथल्या तिकिटावर नावं असतात, ती पासपोर्टप्रमाणेच लिहा. व्हॅटिकन संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद असतं. संत पीटरच्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, हे हाफ पँट घालणाऱ्या मुलांच्या वडिलांनाही सांगून ठेवा.

मिलान किंवा व्हेनिसला उतरणार असाल तर

मिलानचा मालपेन्सा विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, टॅक्सी फार महाग पडते. मालपेन्सा एक्सप्रेस ही रेल्वे घ्या. दुओमो या मुख्य चर्चसमोरचा चौक हाच तिथला पहिल्या संध्याकाळचा फेरा.

व्हेनिसला पहिली रात्र ठेवणं ज्येष्ठ बरोबर असताना मला पटत नाही. गाड्या पियात्साले रोमापाशी संपतात, पुढे बोटी, गल्ल्या आणि जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या. जायचंच असेल तर हॉटेल पियात्साले रोमा किंवा सांता लुचिया स्थानकाजवळच घ्या, किंवा पहिली रात्र मेस्त्रेत, म्हणजे व्हेनिसच्या मुख्य भूमीवरच्या भागात, काढा. काही ठरावीक दिवशी व्हेनिसमध्ये दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतात. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, पण त्या दिवसांसाठी संकेतस्थळावर नोंद करून सवलतीचा कोड मोबाइलमध्ये ठेवावा लागतो. तो ठाण्यातूनच काढून ठेवा.